पोटातलं दुखणं आणि पोटातले जिवाणू

(सोलापूर येथे महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



आजच्या विषयाचं नाव 'आतड्यातील जिवाणू आणि एन्डोमेट्रिऑसिस' असं आहे. नाव अवघड असलं तरी दुखणं आपल्या ओळखीचं आहे. पाळीत ओटीपोटात असह्य कळा येतात, कंबर-मांड्या भरून येतात, संबंधाच्या वेळी दुखतं. कुणाला पाळीत शौचाला बसताना जीव नको होतो, कुणाचं पोट फुगतं. त्यावर ऐकायला काय मिळतं? 'बाईच्या जातीला हे चालायचंच', 'एक मूल झालं की थांबेल.' आपल्या सोलापुरात विडी वळणारी बाई दिवसभर सुपावर वाकून बसते. जितक्या विड्या तितकी मजुरी, मग पाळीत आडवं कसं व्हायचं? दुखणं अंगावर काढायचं, हेच आपल्याला शिकवलेलं आहे.

हा आजार म्हणजे काय? गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशींची वाढ गर्भाशयाबाहेर होते. बीजकोशावर, ओटीपोटाच्या पडद्यावर, कधी आतड्यावर. पाळीच्या चक्राबरोबर तिथेही सूज येते, रक्त येतं. त्याला बाहेर जायला वाट नसते. मग व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननाच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. तरीही तो ओळखला जायला कित्येक वर्षं लागतात.

याचं एक कारण पोटच आहे. बाई 'पोट दुखतं' म्हणाली की अ‍ॅसिडिटीचं औषध मिळतं, नाहीतर आमांशाचं. दुखणं पाळीच्या वेळी वाढतं का, हे कुणी विचारत नाही आणि ती लाजेने सांगत नाही. साधी सोनोग्राफीही पुष्कळदा 'नॉर्मल' येते. मग 'मनाचे खेळ' म्हणून तिची बोळवण होते.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तपासणीशिवाय राहिलेल्या बाईला पुढे थेट शस्त्रक्रियाच भेटते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीने ऊसतोडणीच्या सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. सोलापूरच्या साखर कारखान्यांवरही बीडच्या टोळ्या येतात. त्या साऱ्याजणींना एन्डोमेट्रिऑसिस होता असं मी म्हणत नाही. पण दुखणाऱ्या बाईला 'पिशवी काढून टाक' हे किती सहज सांगितलं जातं, ते यातून दिसतं. आणि एन्डोमेट्रिऑसिसचं मूळ दुखणं पिशवीबाहेर असतं. पिशवी गेली तरी ते राहू शकतं. बीजकोशही काढले तर अकाली पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात.

आता जिवाणूंकडे येते. पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जाणं बहुतेक स्त्रियांमध्ये घडतं. मग आजार काहींनाच का होतो? या प्रश्नाचा शोध घेताना शास्त्रज्ञांचं लक्ष शरीराच्या प्रतिकारशक्तीकडे आणि आतड्यातल्या जिवाणूंकडे गेलं. हा आजार इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसतो. यकृत वापरलेलं इस्ट्रोजेन बांधून पित्तातून आतड्यात सोडतं, म्हणजे ते शौचावाटे जावं. पण काही जिवाणू ती गाठ सोडवतात आणि इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात जातं. जिवाणूंचा समतोल बिघडला तर सूजही वाढू शकते.

२०१९ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगात मेट्रोनिडॅझोल दिलेल्या उंदरांमध्ये ही वाढ लहान राहिली. आजारी उंदरांची विष्ठा पोटात घातल्यावर ती पुन्हा वाढली. २०२३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठाला आजार असलेल्या ६४ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयात फ्युसोबॅक्टेरियम हा जिवाणू सापडला. आजार नसलेल्यांत तो १० टक्क्यांहून कमी जणींत होता. पण २०२४ मध्ये एस्टोनियात हजार स्त्रियांच्या आतड्यातले जिवाणू तपासले. त्यांतल्या १३६ जणींना हा आजार होता. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

म्हणजे धागा दिसतो आहे, पण जिवाणूंमुळे आजार होतो की आजारामुळे जिवाणू बदलतात, हे अजून ठरलेलं नाही. हे मी मुद्दाम सांगते. कारण मेट्रोनिडॅझोल म्हणजे आपली जुलाबाची गोळी, दुकानात मागितली की मिळते. उद्या कुणी सांगेल, 'ही घे, पाळीचं दुखणं जाईल.' तसं करू नका. उंदरांवरचा प्रयोग हा बायकांवरचा उपचार नव्हे. 'आतडं शुद्ध करणाऱ्या' महागड्या पुड्यांनाही भुलू नका. आपली ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, घरचं ताक आतड्याला चांगलंच आहे. पण ते खाल्लं नाही म्हणून आजार झाला, असा दोष बाईच्या माथी मारू देऊ नका. जिला पोटभर जेवायला आणि मोकळेपणी शौचाला जायला मिळत नाही, तिला आहाराचे धडे कोणत्या तोंडाने द्यायचे?

मग आज काय करायचं? वस्तीतल्या बैठकीत पाळीच्या दुखण्यावर उघड बोलायचं. तीन महिने कॅलेंडरवर खूण करायची: कधी दुखलं, किती, शौचाला त्रास झाला का, काम बुडालं का. तो कागद घेऊन दोघीतिघींनी मिळून सिव्हिलमध्ये जायचं आणि डॉक्टरांना सरळ विचारायचं, 'हे एन्डोमेट्रिऑसिस असू शकेल का?' वेदनाशामक गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, गरज पडली तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया असे उपचार आज आहेत. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे. पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर का, दुसरा उपाय काय, नंतर काय त्रास होईल, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा द्यायचा नाही.

आणि संघटना म्हणून मागायचं ते हे: सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगाची नीट तपासणी व्हावी, पाळीत दुखलं म्हणून मजुरी बुडू नये, आणि संशोधनात विडी वळणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बायकाही मोजल्या जाव्यात. जिवाणूंवरचं संशोधन चालू राहील. पण ते पुरं होईपर्यंत बाईनं कळा सोसत बसायचं कारण नाही.