झेरॉक्स, वर्ग आणि लेखकाचा हक्क

(मंडळाच्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही आधी एक कबुली देणार आहोत आणि मग कायद्याकडे वळणार आहोत.

आम्ही काही निवृत्त शिक्षक इथे वर्षानुवर्षे मराठी शिकवत आलो. पुस्तके पुण्या-मुंबईहून यायची. उशिरा यायची, कधी यायचीच नाहीत. वर्गात तीस मुले आणि पुस्तक एक! कोठीत झेरॉक्सच्या दुकानांना तोटा नाही. एका वर्षी आम्ही व्याकरणाचे एक छोटे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत झेरॉक्स केले, स्पायरल बाइंडिंग करून मुलांना वाटले. ते पुस्तक आपल्यातल्याच एका वयोवृद्ध गुरुजींनी पदरमोड करून छापले होते. पुढे त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पलंगाखाली न विकलेल्या प्रतींचे गठ्ठे दिसले. गुरुजी रागावले नाहीत. चहा दिला आणि "मुलांना उपयोग झाला ना?" एवढेच विचारले. तो प्रश्न आजही बोचतो.

आम्ही केले ते चूक होते का? कायदा काय म्हणतो, ते पाहू.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क त्याचा व त्याच्या वारसांचा. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, तेव्हा ती वाढवली गेली. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके २०११ पासून सर्वांना खुली आहेत. आचार्य अत्र्यांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत, पु. ल. देशपांड्यांवरचा २०६० अखेरपर्यंत राहील.

पण याच कायद्याचे कलम ५२ शिक्षकांच्या बाजूने उभे आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल हा हक्कभंग नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा घालणे, उत्तरात तो लिहिणे, हेही नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी उचित वापर करायलाही मुभा आहे.

या कलमाची मोठी कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या प्रकरणांचे संच तिथे तयार होत. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने सांगितले, की शिकवण्यासाठी जेवढे खरोखर लागते तेवढी नक्कल करता येते. ती दुकानातून करून घेतली म्हणून गुन्हा होत नाही. मात्र अख्खे पुस्तक झेरॉक्स करणे चालेल का, हा प्रश्न पुढील सुनावणीसाठी ठेवला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला आणि त्याचा निकाल लागलाच नाही.

म्हणजे आमच्या स्पायरल बाइंडिंगला स्वच्छ प्रमाणपत्र कुणीच दिलेले नाही!

आता आपल्या रोजच्या व्यवहाराचे. धडा, कविता किंवा एखादे प्रकरण वर्गापुरते झेरॉक्स करा, निर्धास्त करा. पण अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे म्हणजे शिकवणे नव्हे. शाळेच्या संमेलनात मुलांनी शिक्षक-पालकांसमोर नाटुकले केले, तर कायदा आड येत नाही. आपल्या मंडळासारख्या हौशी संस्थेने फुकट प्रेक्षकांसमोर नाटक केले, तरीही येत नाही. तिकीट लावले तर मात्र लेखकाची किंवा वारसांची परवानगी आधी घ्या. प्रयोग चित्रित करून यूट्यूबवर चढवणे ही तर निराळीच गोष्ट. त्यालाही परवानगी हवी.

काही जण म्हणतील, हैदराबादेत मराठी टिकवायची तर एवढा काटेकोरपणा परवडेल का? आम्ही उलट विचारतो: मराठीत लिहिणाराच टिकला नाही, तर मुलांना शिकवायचे काय? मोठ्या प्रकाशकाला चार प्रती कमी खपल्या तर तो तग धरतो. पदरमोड करणारा लेखक दुसरे पुस्तक काढत नाही. आमच्या गुरुजींनी काढले नाही.

पुस्तक परवडत नसेल तर आपले मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. १९२२ पासून ते आपल्यासाठीच उभे आहे. वर्गासाठी पाच प्रती घेऊन मुलांत फिरवता येतात. लेखक हयात असेल तर एक फोन करावा. मराठी लेखक शिक्षकाला सहसा नाही म्हणत नाही.

गुरुजी आता नाहीत. त्यांच्या मुलाकडे उरलेल्या प्रती आम्ही मिळून छापील किमतीला विकत घेतल्या आहेत. यंदा गणपतीच्या मंडपाबाहेर टेबलावर त्या ठेवू. प्रसाद घ्याल तेव्हा एक प्रतही घ्या. आमचे देणे थोडे तरी फिटेल.

गणपती बाप्पा मोरया!