कानातला रंग

कानात रात्रंदिवस रातकिडे किरकिरतात असे सांगणारे काही जण या सभेतही असतील. त्याचा अंगाच्या रंगाशी संबंध असेल काय? प्रश्न खुळा नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी अंतःकर्णाच्या शंखातही असतात. तेथला सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युद्दाब त्यांच्यावाचून टिकत नाही. वार्डेनबर्ग या डच नेत्रवैद्याने १९५१ साली वर्णिलेल्या विकारात त्या पेशीच उण्या पडतात : कपाळावर पांढरी बट, डोळे निळे, आणि पुष्कळदा जन्मतः बहिरेपण. उलट, रंगद्रव्याविना पांढरा जन्मलेला मनुष्य सहसा चांगला ऐकतो. त्याच्या कानात पेशी असतात, रंग तेवढा नसतो. म्हणजे कानाला हवी पेशी, काळेपणा नव्हे! कर्णनादात या पेशींचा हात असू शकेल. तो अजून सिद्ध झालेला नाही. तोवर कातडी पाहून निदान करू नये, श्रवणशक्ती मोजून घ्यावी; कारण हा नाद बहुधा ती मंदावल्यावरच सुरू होतो.