घरच्या गुलाबाचा शोध



घरातल्या जुन्या गुलाबाला बहुधा नाव नसते. तो आजीचा गुलाब असतो, नाही तर विहिरीकडचा. आजी जाते, विहीर बुजते. मग त्याला कोणत्या नावाने शोधावे? जुनी आवारे मोडून इमारती उठल्या, तेव्हा आम्हा हेब्बाळकरांपैकी अनेकांपुढे हा प्रश्न आला.

आमचा गुलाब बेळगावहून आणलेल्या फांदीचा. फूल मध्यम आकाराचे, गडद गुलाबी, दाट पाकळ्यांचे आणि फार सुवासिक. सासूबाई त्याचाच गुलकंद करीत. आवार विकले गेले आणि झाडही गेले. मी विचारपूस करू लागले तेव्हा प्रत्येकाला रंग आठवत होता. पण ओळख पटविण्यास रंगाचा उपयोग थोडाच. 'दिवाळीतही फुले असत,' असे एका वृद्ध आप्तांनी सहज सांगितले, आणि तेच महत्त्वाचे ठरले. कनौजच्या अत्तरासाठी प्रसिद्ध असलेला दमास्क गुलाब वसंतात एकदाच बहरतो. उत्तरेत त्याला चैती गुलाब म्हणतात ते उगीच नव्हे. सुगंध दमास्कचा आणि बहर मात्र पुनःपुन्हा, असे असेल तर एडवर्ड गुलाबाचा विचार आधी करावा. तमिळ मुलखातला पन्नीर रोजा तो हाच.

या एडवर्डचे कूळ मोठे मौजेचे आहे. हिंदी महासागरातील रियुनियन बेटाचे जुने नाव बुर्बाँ. तेथे कुंपणाला चिनी आणि दमास्क गुलाब शेजारी-शेजारी लावीत. त्यांच्या आपोआप झालेल्या संकरातून हा उपजला. १८१९ साली त्याचे बी फ्रान्समध्ये झाक नावाच्या उद्यानपालाकडे पोचले आणि त्यातून बुर्बाँ गुलाबांचा सारा वंश विस्तारला.

आपल्याकडे त्याच्या वाट्याला निराळेच काम आले. विलायती जातींचे डोळे भरण्यासाठी खुंट म्हणून त्याचा उपयोग करीत. म्हणजे आपण हरवला म्हणतो तो गुलाब दुसऱ्याच्या बागेत, दुसऱ्याच गुलाबाखाली जिवंत असू शकतो! वरचे कलम वाळले की खालून फुटवे येतात. माळी ते रानटी समजून छाटतो. मी माळ्यांना आता छाटू देत नाही, निदान एक बहर येईपर्यंत.

मात्र प्रत्येक फुटवा एडवर्डचा नसतो. बंगळूरकडे मल्टिफ्लोराचे खुंट पुष्कळ. देठाच्या बुडाशी असलेली उपपर्णे पाहावीत. ती फणीच्या दातांसारखी चिरलेली असली, तर तो मल्टिफ्लोरा. त्याला लहान, पांढऱ्या फुलांचे घोस येतात. पहिली दोन झाडे मी एवढ्यावरूनच सोडून दिली.

तिसरे एका जुन्या आवारात, पपईच्या आडोशाला मिळाले. वरचे कलम केव्हाच मेलेले, उपपर्णे अखंड, आणि एकच अर्धवट सुकलेले फूल. ते सासूबाईंच्या हाती दिले. त्यांनी वास घेतला, काही बोलल्या नाहीत, आणि गुलकंदाला किती फुले लागतील ते विचारू लागल्या.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा फांद्या पावसाळ्यात लावल्या. तीन रुजल्या आहेत. कळी अजून धरलेली नाही.