संथारा, न्यायालये आणि आपली जबाबदारी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त पारनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



पारनेर तालुक्याला उपवास नवा नाही. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांची उपोषणे साऱ्या देशाने पाहिली. मात्र उपोषणामागे मागणी असते. संथाऱ्यात कोणाकडे कसलीच मागणी नसते. तरीही १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा ही आत्महत्याच मानून भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ व ३०६ खाली कारवाईचा आदेश दिला. म्हणजे व्रती आणि त्याची सेवा करणारे कुटुंबीय, दोघेही आरोपी! २४ ऑगस्टला समाजाने देशभर मौन मोर्चे काढले; ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने या निकालास स्थगिती दिली.

मरणाच्या अधिकाराचा प्रश्न न्यायालयांपुढे त्याआधीच आला होता. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या खटल्यात कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जगण्याच्या अधिकारात मरणाचा अधिकार येत नाही, असे सांगितले. परंतु आयुष्याच्या अखेरीस सन्मानाने मृत्यूला सामोरे जाणे त्या अधिकारात येते, हेही मान्य केले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली, आणि पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालात, कृत्रिम उपचार नाकारण्याचा मार्ग अधिक स्पष्ट झाला.

परदेशातही हाच विचार झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली, सज्ञान व सक्षम व्यक्तीला नळीद्वारे दिले जाणारे अन्नपाणीही नाकारता येते, हे गृहीत धरले. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ साली बेशुद्धावस्थेतील एका तरुणाचे कृत्रिम पोषण थांबविण्यास अनुमती दिली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली आणि जर्मनीच्या घटना न्यायालयाने २०२० साली याही पुढे जाऊन मरणासाठी साहाय्य घेण्याचा मार्ग मोकळा केला.

हे निकाल वाचून आपण हुरळून जाऊ नये. तेथील प्रश्न रुग्ण आणि वैद्य यांचा आहे. आपला प्रश्न व्रताचा आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात उपसर्ग, दुर्भिक्ष, जरा आणि असाध्य रोग अशा निरुपाय प्रसंगीच सल्लेखना सांगितली. तत्त्वार्थसूत्राने तर जगण्याच्या इच्छेबरोबर मरणाची इच्छा हाही सल्लेखनेचा अतिचार मानला. ज्या व्रतात मरणाची आकांक्षाच दोष ठरते, त्याला आत्महत्या कसे म्हणावे? १९५५ साली कुंथलगिरी येथे आचार्य शांतिसागर महाराजांनी घेतलेली सल्लेखना महाराष्ट्राने पाहिली आहे. १९८२ साली पवनार येथे विनोबाजींनीही अन्न, पाणी व औषध त्यागून देह ठेवला.

परंतु बंधू-भगिनींनो, न्यायालयापुढे मांडलेली शंका आपण केवळ मोर्चाने दूर करू शकत नाही. घरातील वृद्ध मातेला आपण ओझे झालो असे वाटू लागले आणि त्या खिन्नतेतून तिने संथाऱ्याचा शब्द उच्चारला, तर तो वैराग्याचा उद्गार नव्हे. ती आपल्या सेवेतील उणीव आहे. म्हणून इच्छा स्वतःची आहे ना, गुरूंची अनुज्ञा आहे ना, वैद्यांनी तपासले आहे ना, हे पाहिलेच पाहिजे. मन बदलल्यास परत फिरण्याची वाट लोकलाजेने बंद होता कामा नये. व्रताची मिरवणूक आणि छायाचित्रांचा सोस टाळावा.

कायदाही बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न मात्र शिक्षापात्र आहे. आत्महत्येस प्रवृत्त करणे हाही गुन्हा आहेच. ज्यांना आपल्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवायची आहे, त्यांना २०२३ च्या सुधारित नियमांनुसार दोन साक्षीदारांसमक्ष व नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून ती लिहिता येते. न्यासाने याविषयी ज्येष्ठांना मार्गदर्शन करावे.

न्यायालयात व्रताची बाजू वकील मांडतील. घरात तिची शुद्धता आपणच राखायची आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढा संकल्प केला, तरी हे वर्ष सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र!