पर्समधलं रिव्हॉल्व्हर

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील, काहीजणी रेडिओचा आवाज वाढवतील. विषय आहे रिव्हॉल्व्हर. बाईनं जवळ बाळगायचं रिव्हॉल्व्हर.

विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्याकडे चालत आला. करवीर तालुक्यातल्या एका गटातली आमची एक वहिनी दूध संकलन बघते. नवरा गेल्यावर शेतीही तीच करते. लाइट रात्रीची असली की बाराला उसाला पाणी पाजायला जावं लागतं, आणि दर दहा दिवसांनी दूधबिलाची रोकड घेऊन गाडीवरून यावं लागतं. बांधावरनं भावकीत वाद आहे. दोनदा कुणीतरी रस्त्यात गाडी आडवी घातली. मासिक बैठकीत तिनं सरळ विचारलं, "पर्समध्ये मावंल एवढं बारकं, पण मोठ्या गोळीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणते. एका गोळीत माणूस खाली बसला पायजे. कुठलं घेऊ?"

बैठक गप्प झाली. आम्हालाही उत्तर माहीत नव्हतं. मग महिनाभर आम्ही जमेल तिथं विचारपूस केली. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट मोठ्या गोळीची. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप. आपल्या देशात पॉइंट अडतीस आणि नऊ मिलिमीटर ही पोलीस-लष्कराच्या वापरातली मापं निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. त्यांची परवानगी दिल्लीचं गृहमंत्रालय देतं आणि ती तुम्हाआम्हाला मिळत नाही. साध्या माणसाला परवान्यावर जे रिव्हॉल्व्हर मिळतं ते बहुतेक पॉइंट बत्तीसचं, म्हणजे साधारण आठ मिलिमीटरचं. तेव्हा "मोठ्या गोळीचं" हा प्रश्न कायद्यानंच निम्मा मिटवलाय.

बायकांसाठी म्हणून एक हत्यार खास निघालं होतं. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन सुमारे अर्धा किलो, सहा गोळ्या, अंग टायटॅनियमच्या मिश्रधातूचं. किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. आणि द्यायचं ते दागिन्यांच्या डब्यासारख्या मरून डब्यात! डब्यावर पैसे घालवण्यापेक्षा किंमत कमी केली असती तर बरं झालं असतं, असं आमच्या एका अक्कांचं मत पडलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीनं 'प्रबल' काढलं. तेही पॉइंट बत्तीस, वजन ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि गोळ्या भरायचं चक्र बाजूला उघडणारं.

आता वहिनीच्या प्रश्नातली खरी मेख. बारकं आणि हलकं हत्यार बाळगायला सोपं, पण मारायला अवघड. गोळी पुढं जाते तेवढंच हत्यार मागं उसळतं. गोळी तीच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याचा जोर जवळपास दुप्पट होतो. म्हणून इवल्याशा रिव्हॉल्व्हरमध्ये मोठी गोळी घातली, की पहिल्या बारानंतर हात वर जातो आणि दुसरी गोळी कुठं जाईल ते देवच जाणे. नळी आखूड, त्यामुळं नेमाची जागाही आखूड. समोर बोटभराची चूक झाली तर दहा पावलांवर ती हातभर होते. त्यात रिव्हॉल्व्हरचा घोडा कडक असतो, ओढतानाच तोंड हलतं. चांगली बाजू एवढीच, की यंत्र साधं आहे. पिस्तुलासारखं वरचं झाकण मागं ओढावं लागत नाही, आणि एखादी गोळी नाही उडाली तर घोडा परत ओढला की पुढची येते.

निवडायचंच झालं तर दुकानातला माणूस काय म्हणतो त्यापेक्षा आपला हात काय म्हणतो ते बघावं. मूठ पूर्ण बसते का, बोटाचं पहिलं पेर घोड्यावर नीट पोचतं का, मनगट न वाकवता धरता येतं का. यात जड हत्यार बऱ्याचदा बरं ठरतं. आणि पर्समध्ये रुमाल, किल्ल्या, लेकराची बिस्किटं यांच्यात ते नुसतं टाकायचं नाही. घोडा झाकणारं कातडी म्यान लागतंच.

सराव नसेल तर सगळं फुकट. आपल्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं. त्यामागं वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे, आणि तोही उजेडात, स्थिर उभं राहून, समोर कागदाचं लक्ष्य ठेवून. अंधारात गाडीवरून खाली ओढली जाणारी बाई पर्सची चेन कधी उघडणार?

परवान्याचं थोडक्यात सांगतो. वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं. मग पोलीस चौकशी, डॉक्टरांचा दाखला, हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि घरी सुरक्षित ठेवायची सोय आहे याची हमी. जिवाला धोका का आहे हे पटवावं लागतं, म्हणून आधीच्या तक्रारींच्या नकला जपून ठेवा. परवाना पाच वर्षांचा. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. बांधाचा वाद तेवढ्या दिवसांसाठी थांबत नाही, हे आमचं आपलं एक म्हणणं. विनापरवाना गावठी कट्टा कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर उंबऱ्याच्या आत घेऊ नका. त्याला तुरुंग आहे, आणि तो कट्टा मारणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यानं दिलाय. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यावरच आहेत. जीव घेण्याचा, बलात्काराचा, ॲसिडचा हल्ला असेल तर बचावात समोरचा मेला तरी हक्क टिकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव राहत नाही, मग कोर्टात आपणच आरोपी.

आता जे बैठकीत हळू आवाजात बोललं गेलं ते. आमच्याकडे भीती सांगणाऱ्या बऱ्याच बायकांना भीती घरातल्याच माणसाची असते. नवरा पितो, दीर अंगावर येतो. अशा घरात कपाटात रिव्हॉल्व्हर आलं तर किल्ली कुणाच्या हातात राहील? परवाना बाईच्या नावावर असला तरी रात्री दोनला भांडण पेटल्यावर ते कुणाच्या हाती लागेल? आणि मुलांना कपाटातलं सगळं ठाऊक असतं. घरात असा माणूस असेल तर हत्यार आणू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा नंबर आहे. आणि रस्त्यावर असाल तर ११२.

वहिनीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे घेऊ नको म्हणताय." आम्ही म्हटलं, तुझा जीव, तुझा निर्णय. पण रोकड आधी बंद कर. दूधबिल आता सभासदांच्या खात्यावर जमा होतं. त्याला दोन महिने गेले, चार म्हाताऱ्यांची खाती उघडायला आमच्यातल्या दोघी बँकेत बसल्या. रात्रीच्या पाण्याला शेजारच्या मळ्यातल्या दोघींबरोबर पाळी लावलीय, तिघी मिळून जातात, मोठी बॅटरी आणि काठी घेऊन. गाडी आडवी घातल्याची तक्रार लेखी दिली आणि पोच घेतली. पहिल्या खेपेला ठाण्यात घेतली नव्हती, दुसऱ्या खेपेला आम्ही अकराजणी गेलो. तिच्या लेकीनं मर्दानी खेळाच्या आखाड्यात नाव घातलंय, ती लाठी शिकते.

परवान्याचा अर्ज वहिनीनं भरून ठेवलाय. अजून दिलेला नाही. बांधाची मोजणी पुढच्या महिन्यात आहे, तोवर थांबते म्हणाली. मोजणीच्या दिवशी आम्ही बांधावर जाणार आहोत. जवळपासच्या गटांतल्या कुणाला यायचं असेल तर सकाळी नऊला या, भाकरी बांधून आणा.