नळी काढण्याआधी

पक्षाघातानंतर अम्मीच्या नाकातून जठरापर्यंत नळी घातली होती. दूध, पेज, औषध सारे त्यातूनच. एका संध्याकाळी ती पुटपुटली, "काढ ना बेटा." माझा हात नळीकडे गेलाही. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "काका, थांबा. आधी त्यांना गिळता येतंय का, ते पाहू या."

श्रोतेहो, पक्षाघाताने घशाचे स्नायू दुबळे होतात. घोट श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. कधी ठसकाही लागत नाही, म्हणून ते कळतही नाही. तेव्हा गिळण्याची तपासणी आधी, नळी काढणे नंतर आणि तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

काही दिवसांनी अम्मी तपासणीत उतरली. सिस्टरांनी तिला ताठ बसवले, नळी धुऊन मोकळी केली, चिकटपट्टी सोडवली. श्वास रोखायला सांगून, नळी चिमटीत घट्ट दाबून ती सलग बाहेर काढली. चिमटी कशाला? नळीत उरलेले थेंब घशात ठिबकू नयेत म्हणून.

पोटाला छिद्र पाडून बसवलेल्या नळीची गोष्ट वेगळी. आतल्या बाजूला फुगा किंवा चकती असते, ती घरी ओढू नये. आपोआप निसटली तर छिद्र काही तासांतच आकसू लागते. वर स्वच्छ कापड ठेवावे, नळी सोबत घ्यावी आणि तडक रुग्णालय गाठावे. घरी ती परत आत घालू नये.

त्या दुपारी अम्मीने चमचाभर खिमट गिळली. माझ्या उतावळ्या मायेपेक्षा सिस्टरांची सबुरी मोठी ठरली.