निखाऱ्यातलं वांगं

हुरडा पार्टीत आता वांगी-बटाटे चकाकत्या फॉईलमध्ये गुंडाळून आगटीत पुरतात. मला मात्र पाचटाची कोपी आठवते.

दिवाळीनंतर आम्ही बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जायचो. माझी शाळा बुडायची. पहाटे अंधारात अम्मा कोयता घेऊन फडाकडे निघायची. निघताना चुलीतल्या निखाऱ्यात टोचे मारलेलं वांगं ठेवायची. टोचलं नाही तर वाफेनं फुटतं. त्याची सालच त्याचा कागद! उठल्यावर राख झटकायची, मीठ-मिरची लावायची आणि भाकरीवर घेऊन धाकट्या बहिणीला भरवायची.

पुढे दादीनं मला गावी ठेवून घेतलं. मी बी. ए. झालो. बहिणीच्या हाती मात्र कोयताच आला.

कोप्यांवर पोरं आजही दिसतात. कधी तिकडे गेलात तर एवढंच विचारा, शाळा कुठली?